घोडा, जंत आणि क्रॉन जॉब

गेल्या शनिवारी मुलुंडहून लोकलने नेरळ आणि तिथून टॅक्सीने माथेरान गाठलं. दस्तुरी नाक्यावर एक घोडेवाले मामा घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची सिरिंज आत सरकवून पेस्ट सोडत होते.

"जंताचं औषध. दर दोन महिन्याला देतो," मामा म्हणाले. "पोटात कळ येऊन हा आडवा झाला तर आमची चूल बंद."

"पण जंत झालेत हे कळतं कसं?"

"कळायचंय काय त्यात? तारीख आली की द्यायचं."

आता मी पडलो आयटीवाला. गरज असो-नसो, तारीख आली की चालवायचं म्हणजे शुद्ध क्रॉन जॉब! ही दोन महिन्यांची तारीख आली कुठून, हे शोधण्यात अख्खा रविवार गेला.

घोड्यांची चिंता आपल्याकडे फार जुनी. प्राचीन अश्वविद्येचं नाव शालिहोत्र, आणि त्यावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. इंग्रजांच्या पलटणींतही हाच शब्द चालायचा. १८७४ साली मुंबईत ट्राम आली ती घोड्यांच्या जिवावर. कंपनीकडे तब्बल ९०० घोडे होते! परळला, लोक ज्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात त्या आवारात, १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण जंतांवर त्या काळी जगभर औषधं काय, तर टर्पेंटाइन, सुपारी, आर्सेनिक. जंत मरायचे, कधीकधी घोडाही.

खरा खलनायक होता स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस. अंडी लिदेतून गवतावर, अळ्या गवतासोबत पोटात, आणि तिथून थेट आतड्याच्या रक्तवाहिन्यांत. तिथे गुठळी झाली की आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, जीवघेणा पोटशूळ उठतो. १९४० च्या सुमारास फिनोथायाझिन आलं, १९६० च्या दशकात थायाबेंडाझोल. मग १९६६ साली अमेरिकेत केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी हिशेब मांडला: औषध दिल्यावर साधारण आठ आठवड्यांनी लिदेत पुन्हा अंडी दिसतात, म्हणून त्याआधीच पुढचा डोस द्या. कुरणात अंडी पडलीच नाहीत तर साखळी तुटेल.

आणि तुटलीही! चांगल्या स्टड फार्मवर हा जंत दुर्मीळ झाला. मामांची दोन महिन्यांची तारीख बहुधा तिथूनच फिरत फिरत माथेरानला पोचली असावी.

१९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. जपानमध्ये सातोशी ओमुरांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवापासून निघालेलं हे औषध. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या लक्षात आलं की घोड्याच्या त्वचेतल्या एका कृमीच्या अळ्याही त्याने मरतात. तिचीच भावकी माणसाला आंधळं करते. १९८७ पासून हे औषध त्या रोगासाठी फुकट वाटलं जाऊ लागलं, आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. घोड्याचं औषध माणसाच्या कामी आलं ते असं.

पण इकडे क्रॉन जॉब चालूच होता. मोठा जंत गेला, आणि आतड्याच्या भिंतीत लपून राहणारे छोटे स्ट्राँगाइल औषधाला सरावले. दर डोसला कच्चे मरत, पक्के उरत, त्यांचीच प्रजा वाढत गेली. २००२ साली नेदरलँड्समधून शिंगरांच्या गोलकृमीवर आयव्हरमेक्टिन चालेनासं झाल्याची बातमी आली. त्यानंतर घोड्यांसाठी औषधाचा नवा वर्ग काही आलेला नाही. म्हणजे बॅकअप नाही!

मग आता जाणकार काय म्हणतात? आधी लीद तपासा. सूक्ष्मदर्शकाखाली एका ग्रॅममधली अंडी मोजा. कळपातले साधारण २० टक्के घोडे ८० टक्के अंडी टाकतात. मोठ्या घोड्यांत जास्त डोस फक्त त्यांना द्या.

यातही मेख आहेच. डेन्मार्कने १९९९ मध्ये चिठ्ठीशिवाय ही औषधं विकणं बंद केलं, आणि तपासून मोजक्याच घोड्यांना औषध देणाऱ्या फार्मवर तो जुना खलनायक पुन्हा जास्त दिसू लागला. म्हणून वर्षातून एकदोनदा सगळ्यांनाच औषध द्यायचं, बाकी मोजून. सर्व्हर रोज रीस्टार्ट करायचा नाही, पण लॉग बघणं सोडायचं नाही, तसंच काहीसं.

केंटकीचं वेळापत्रक एकाच कुरणात चरणाऱ्या कळपांसाठी होतं. मामांचा घोडा दिवसभर लाल मातीच्या वाटेवर पर्यटक वाहतो. त्याला ते किती लागू पडतं, हे लीद तपासल्याशिवाय कोण सांगणार? मामांचा नंबर घेतला होता, म्हणून रविवारी रात्री फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, लीद तर इथं ढिगानं पडलीय. पण ती बघणार कोण?"

मुद्द्याचं बोलले. पुढच्या महिन्यात परत जातोय. डबी नेणार आहे, आणि परळला चौकशी करणार आहे. तोवर पुढचा डोस थांबवा असं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. घोडा त्यांचा, चूलही त्यांची.