गुदपरिसरातील क्रोन रोग : दीर्घकालीन वाटचाल

क्रोन रोग हा आतड्याच्या भित्तीच्या सर्व थरांना व्यापणारा, आयुष्यभर कमीजास्त होत राहणारा दाह असून त्याचा उपद्रव गुदद्वाराभोवती झाला, की गळवे, चिरा, गुदनालाचे आकुंचन आणि मुख्यतः भगंदर, म्हणजे गुदनाल व बाहेरची त्वचा यांना जोडणारा पू वाहणारा मार्ग, अशी लक्षणे दिसतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओमस्टेड परगण्यातील रुग्णांच्या दीर्घ नोंदींनुसार निदानानंतर १० वर्षांत सुमारे २१ टक्के आणि २० वर्षांत सुमारे २६ टक्के रुग्णांना गुदपरिसरात भगंदर होते. आतड्याचा कोणता भाग ग्रस्त आहे यावर मात्र बरेच अवलंबून असते. स्टॉकहोममधील जुन्या पाहणीत रोग लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरता असताना हे प्रमाण १२ टक्के, तर मोठ्या आतड्यासह गुदाशयही ग्रस्त असताना ९२ टक्के आढळले होते.

हा आजार स्वतः क्वचितच जीव घेतो. त्याची खरी किंमत रुग्ण मलनियंत्रण, बैठक, लैंगिक जीवन आणि वारंवारच्या शस्त्रक्रिया यांत मोजतो. संकोची स्नायूंच्या वरवरून जाणारा एकच सरळ मार्ग असला, तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. स्नायूंना आरपार छेदणारे, फाटे फुटलेले किंवा योनिमार्गात उघडणारे भगंदर चिवट असते, आणि गुदाशयात दाह चालू असेपर्यंत कोणतीही दुरुस्ती सहसा टिकत नाही.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिपिंड औषधाच्या नेहमीच्या मात्रेने ५५ टक्के रुग्णांची सर्व भगंदरे बंद झाली, तर औषधविरहित गटात हे प्रमाण १३ टक्के होते. पुढील चाचणीत, सुरुवातीला गुण आलेल्यांपैकी ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांतही वर्षअखेर ३६ टक्क्यांचाच स्राव पूर्ण थांबलेला होता. शिवाय त्वचेवरचे तोंड मिटणे म्हणजे मार्ग भरणे नव्हे : एमआरआय तपासणीत आतला दाह नंतरही कित्येक महिने दिसतो, आणि औषध घाईने बंद केल्यास तोच मार्ग पुन्हा वाहू लागतो. म्हणून आधी पू निचरून, मार्गात सेटन नावाचा सैल धागा ठेवून मग औषध सुरू करतात. हा धागा निचऱ्यासाठी असतो. मार्ग हळूहळू कापत नेणाऱ्या क्षारसूत्राशी त्याची गल्लत करू नये, कारण क्रोन रोगात स्नायू कापला गेल्यास मलनियंत्रण कायमचे जाऊ शकते. भारतात क्षयरोगही अशीच भगंदरे निर्माण करतो, त्यामुळे येथे निदान चुकण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी असते. आणि सुप्त क्षय इन्फ्लिक्सिमॅबने उफाळू शकत असल्याने त्याची तपासणी उपचाराआधीच करावी लागते.

उपायांना दाद न देणाऱ्या रुग्णांत पोटावर तात्पुरते मलद्वार काढतात. त्याने बहुतेकांना सुरुवातीला आराम पडतो, पण आतडे पुन्हा यशस्वीपणे जोडणे सुमारे सहातील एकालाच साधते. ‘तात्पुरते’ हा शब्द रुग्णाला सांगताना म्हणूनच जपून वापरावा लागतो. काहींचे गुदाशय व गुदद्वार अखेर काढून टाकावे लागते आणि त्यानंतरची जखमही अनेकदा महिनोन्महिने भरत नाही. अनेक वर्षे वाहणाऱ्या भगंदरात कर्करोग विरळच होतो, परंतु वेदना आणि स्राव पूर्वीपासूनच असल्याने तो उशिरा ओळखू येतो. जुन्या भगंदराची दुखण्याची किंवा स्रावाची तऱ्हा बदलली, तर भूल देऊन तपासणी करतात आणि मार्गातील ऊतीचा तुकडा काढून परीक्षणासाठी पाठवतात.