दारावरचा व्हेंटिलेटर

गेल्या जुलैत आईच्या खोलीतलं लोखंडी कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत बघून मी दोन मिनिटं गप्पच उभा राहिलो. कमरेच्या उंचीपासून पार जमिनीपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांची बुरशी. आईच्या ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास, खालच्या कप्प्यातल्या दिवाळी अंकांवर पांढरी लव. तिच्या कोरड्या खोकल्याचा तो सहावा आठवडा होता. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "घरात ओल आहे का हो?" मी ठामपणे "नाही" म्हणून आलो होतो. दोनच वर्षांपूर्वी मी स्वतः उभं राहून अख्खं घर नवं करून घेतलं होतं ना!

आमचं घर दादरच्या हिंदू कॉलनीत, १९३० च्या दशकातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. उंच छत, आणि प्रत्येक दारा-खिडकीच्या वर एक आडवी झडप, मधोमध फिरणारी, खाली दोरी लोंबणारी. आजोबा तिला झरोका म्हणत, आई व्हेंटिलेटर म्हणते. मला त्यात फक्त धूळ आणि कबुतरं दिसायची. म्हणून मी काय केलं, तर झडपा प्लायने बंद केल्या, खाली फॉल्स सीलिंग घातलं, गॅलरीला सरकत्या काचा लावल्या आणि माझ्या खोलीत एसी बसवला. आई तेव्हा म्हणाली होती, "अरे, वरचं बंद करू नकोस, घर कोंदट होईल." मी म्हटलं, "अगं, त्यांचा आता काही उपयोग नाहीये." (कुठूनच कॉल होत नाही असं वाटून जुनं फंक्शन उडवावं आणि प्रॉडक्शन झोपावं, त्यातला प्रकार. ऑफिसात कुणी असं केलं तर मी त्याला तासभर लेक्चर देतो!)

वॉटरप्रूफिंगवाला येऊन साठ हजारांचा आकडा सांगून गेला. पण ती भिंत बाहेरची नव्हतीच. माझ्या आणि आईच्या खोलीमधली साधी भिंत, आत पाइप नाही, वरचा मजला कोरडा ठणठणीत. मग पाणी आलं कुठून? आणि त्या झडपा मुळात कुणी, कशासाठी ठेवल्या होत्या? पुढचे दोन वीकेंड त्यात गेले.

उत्तर शोधताना गाठ पडली ती थेट प्लेगशी. प्लेग म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, रँड आणि चाफेकर, २२ जून १८९७. पण साथ आधी मुंबईत आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू येर्सॅनने दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो पसरतो कसा हे कळलेलं नव्हतं. बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत अशी की तो अंधाऱ्या, ओल्या, कोंदट घरात वाढतो. मग काय, गटारं धुतली, भिंतींना चुना फासला, खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरांवरची कौलं काढली. काही घरांवर तर 'यूएचएच' अशी अक्षरं रंगवली, म्हणजे माणसाला राहायला नालायक.

याच धाकातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्राची हवा आत आणायची, हे त्याचं एक मोठं काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाले. आता गंमत बघा. त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोगाने दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे हवेचा आणि प्लेगचा तसा संबंधच नाही. ट्रस्ट जन्मला त्याच वर्षी त्याच्यामागचा सिद्धान्त मोडीत निघाला होता, फक्त ते सगळ्यांना पटायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

असे चुकीच्या कारणासाठी बरोबर काम करणारे लोक मला फार आवडतात. म्युनिकचा पेटेनकोफर त्यांचा मेरुमणी. घरातली हवा किती खेळती हवी, हे त्याने कार्बन डायऑक्साइड मोजून ठरवलं आणि १८५८ मध्ये ०.१ टक्का ही मर्यादा सांगितली. म्हणजे १००० पीपीएम. आजही आपल्या ऑफिसांतल्या हवेबद्दल बोलताना हाच आकडा निघतो! याच माणसाने, कॉलरा नुसत्या जंतूमुळे होत नाही हे सिद्ध करायला, १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी सगळ्यांसमक्ष पिऊन दाखवलं. पोट बिघडण्यावर निभावलं. असो.

ट्रस्टने मुंबईला दिलेली खरी देणगी म्हणजे एक कोन, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या खिडकीला उजेड आणि हवा मिळायची, तर समोरच्या इमारतीचा माथा या कोनाच्या रेषेवर येता कामा नये. टॅन काढून बघा, उत्तर दोन येतं. म्हणजे इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानं दिली होती. ट्रस्ट काही संतांचा मेळा नव्हता. त्याने बांधल्या त्यापेक्षा जास्त खोल्या पाडल्या आणि उठवलेले गरीब लोक शेजारच्या आणखी दाट चाळींत गेले. पण दादर-माटुंग्याची मोकळी जमीन त्याने आखली तेव्हा इमारतींमध्ये जागा राहिली, आणि त्याच काळाच्या रिवाजाने आमच्या दारांवर झडपा आल्या.

प्लेग पिसवांचा होता, पण क्षय हवेतूनच पसरतो. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा नव्या इमारतींपेक्षा जास्त खेळती निघाली, आणि म्हणून क्षयाच्या संसर्गाचा धोकाही कमी. इकडे गोवंडीच्या काही पुनर्वसन वसाहतींत आठ-आठ मजली इमारती तीन मीटरच्या अंतराने उभ्या आहेत. साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशोबाने तिथे बारा मीटर हवेत. क्षयाचे रुग्ण तिथे इतके का, याचा अभ्यास २०१८ मध्ये झाला, तोही याच अंतरापाशी येऊन थांबतो.

आता माझी भिंत. लंडनमध्ये हिवाळ्यात काचेला आतून पाणी सुटतं, कारण बाहेर थंडी आणि आत माणसांची वाफ. मुंबईच्या पावसाळ्यात चित्र उलटं. माझा एसी रात्रभर २२ वर, कारण माझे कॉल अमेरिकेशी. पलीकडे आईच्या खोलीत २९ अंश आणि ८६ टक्के आर्द्रता. (यंत्रं विकत घेऊन मोजलं.) अशा हवेतलं पाणी २६ अंशांच्या जरा वर सुटायला लागतं. कपाटामागे, जिथे वाराच पोचत नाही, तिथली भिंत होती २५. म्हणजे आईची भिंत माझा एसी भिजवत होता.

शिवाय घरातली वाफ. एक किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे बावीस-तेवीस लिटर! आमचा सिलिंडर दीड महिना जातो, म्हणजे रोज अर्धा लिटर, तेही भाताची आणि आंघोळीची वाफ सोडून. ही गरम हवा वर चढते आणि दारावरच्या झडपेतून निघून जायची. मुसळधार पावसात खिडक्या लावाव्या लागतात, पण छज्जाखालची झडप उघडी राहू शकते. दार लावलं तरी एका खोलीतला वारा दुसऱ्या खोलीत जातो. हे सगळं मी प्लायने बंद केलं होतं. पूर्वी दर दिवाळीला चुना व्हायचा, तोही बुरशीला मानवत नाही. त्या जागी मी गुळगुळीत प्लास्टिक पेंट दिला होता.

ऑगस्टमध्ये सुतार बोलावला. फॉल्स सीलिंग निघालं, प्लाय निघाला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं, एसी २६ वर गेला, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लागला. बुरशी पुसून भिंतीला चुना दिला. वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आकड्याच्या पाव खर्चात झालं. आईचा खोकला सप्टेंबरात कमी झाला. औषधाने की हवेने, यावर डॉक्टर नुसते हसले.

एका झडपेच्या खाचेत कबुतराच्या काड्या आणि आजोबांनी बांधलेल्या सुती दोरीचा तुकडा मिळाला. मी नायलॉनची दोरी आणली होती. आई म्हणाली, "ती नको, हाताला कापते," आणि तिने कपाटातून जुन्या परकराची नाडी काढून दिली.