जडसंग्रह

आमच्या बँकेत वर्षातून एकदा खुर्च्या मोजतात. माणसे मोजत नाहीत. माणसे हजेरीपटावर असतात, आणि हजेरीपटावर असलेला माणूस जागेवर असलाच पाहिजे असा काही नियम नाही. खुर्ची मात्र जागेवर लागते. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर असतो आणि त्या नंबराची नोंद ‘डेड स्टॉक रजिस्टर’ नावाच्या जाडजूड वहीत असते. शुद्ध मराठीत तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. मी बी. कॉम. असल्यामुळे हे काम गेली वीस वर्षे माझ्याकडे आहे. एके वर्षी ४७ नंबरची खुर्ची सापडेना. तीन दिवस शोध चालला, शिपायाची उलटतपासणी झाली, मॅनेजरसाहेबांनी खुलासा मागितला. चौथ्या दिवशी कळले, की मी तिच्यावरच बसून तिला शोधत होतो.

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर माणसाची कीर्ती पसरतेच. ती पसरत पसरत माझ्या भाच्यापर्यंत, म्हणजे मंदारपर्यंत, गेली. मंदार पुण्यात गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. परवा त्याचा फोन आला.

“मामा, तुला यादी तपासता येते ना?”

हा प्रश्न म्हणजे आचाऱ्याला ‘मीठ ओळखू येते का’ असे विचारण्यासारखे होते. पण भाचा असल्यामुळे मी सोडून दिले.

“आमचं ऑफिस हलतंय. कपाटात जुनी डेव्हलपमेंट युनिटं पडलीयेत. कुठली चालतात, कुठली नाही, सगळी यादी करायचीय. आमच्याकडे कोणाला ते जमत नाही. सगळे इंजिनियर आहेत.”

हे शेवटचे वाक्य ऐकून वाणिज्य शाखेचा ऊर भरून आला. रविवारी सकाळी लाल पेन, निळे पेन आणि डबा घेऊन मी हजर झालो.

आता डेव्हलपमेंट युनिट म्हणजे काय, हे सांगायला हवे. मुलांच्या हातात असतो तो खिशातला गेम दुकानातून येतो. पण तो आधी कोणीतरी घडवावा लागतो, आणि घडवताना तो पावलोपावली चुकतो. नेमका कुठे चुकला हे पाहायला एक खास यंत्र लागते. त्यात चालता गेम मध्येच थांबवता येतो, यंत्राच्या पोटात या क्षणी कोणता आकडा कुठे ठेवला आहे ते बघता येते आणि एकेक पाऊल टाकत पुढे जाता येते. थोडक्यात, ताळेबंद जुळला नाही की आम्ही जे रात्री अकरा वाजता करतो, तेच.

गंमत अशी, की खिशात मावणाऱ्या खेळण्याचे हे थोरले भाऊ खिशात मुळीच मावत नाहीत. २००४ साली निन्टेन्डोचा डीएस आला. त्याचे गेम घडवायला क्योटोच्या इंटेलिजंट सिस्टिम्स कंपनीने जे यंत्र केले, ते म्हणजे एक भलामोठा खोका आणि त्याला जाड केबलने जोडलेला डीएस. गाय दाव्याला बांधावी तसा. त्याच वर्षी सोनीचा पीएसपी निघाला. त्याचे घडवण्याचे यंत्र तर कॉम्प्युटरच्या उभ्या कपाटाएवढे! वरात घोड्यावरून एकट्या नवऱ्याची निघते, पण घरी किती माणसे राबलेली असतात, तसे हे.

दुसरी जात आहे ती चाचणीच्या यंत्रांची. ही दिसायला हुबेहूब दुकानातल्यासारखी. निन्टेन्डोच्या थ्रीडीएसच्या अशा यंत्राला ‘पांडा’ म्हणतात. पण त्यात दुकानातला गेम घातला तर तो चालत नाही. चिल्ड्रन्स बँकेच्या नोटा खऱ्या बाजारात चालत नाहीत, हे मला ठाऊक होते. जिथे खऱ्या नोटा चालत नाहीत असा बाजार मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि तिसरी जात सोनीच्या व्हिटाची. २०११ साली आलेल्या या व्हिटाच्या घडवण्या-तपासण्याच्या यंत्रांना कंपनीकडून परवान्याची फाईल आणून चालू करून घ्यावे लागे, आणि तिला मुदत असे. मुदत संपली की यंत्र धडधाकट असूनही कामाला नालायक. मला आमचे पेन्शनर आठवले. दर नोव्हेंबरात स्वतःच्या पायांनी चालत येऊन मी जिवंत आहे असा दाखला देतात. दिला नाही, तर बँकेच्या दृष्टीने त्यांच्या जिवंतपणाला काही आधार उरत नाही.

मी कपाट उघडले आणि कामाला लागलो. मंदार तपासणी सांगायचा, मी रकाने आखायचो. पहिला रकाना, बॅटरी. यंत्र सपाट टेबलावर ठेवायचे आणि बोटाने कोपरा दाबायचा. डुगडुगले तर आतली लिथियमची बॅटरी फुगली आहे असे समजायचे. तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायचे नाही. अलगद काढून वेगळी ठेवायची. चांगली बॅटरीसुद्धा वर्षभर पडून राहणार असेल, तर पूर्ण भरून नाही आणि पूर्ण रिकामीही नाही, साधारण अर्धी भरून ठेवायची. (हा नियम मी त्याच दिवशी जेवणाला लावून पाहिला. जमला नाही.) दुसरा रकाना, बिजागरी. तिसरा, पडद्यावरचे मेलेले ठिपके. चौथा, बटणे, प्रत्येक बटण दाबून बघायचे. पाचवा, नंबर. मागच्या चिकटपट्टीवरचा आणि यादीतला एकच आहे ना?

पाचव्या रकान्याने माझी विकेट घेतली. यादीत अकरा यंत्रे, कपाटात दहा. मी आमच्या परंपरेप्रमाणे आधी स्वतःची खुर्ची तपासली. शेवटी अकरावे सापडले एका टेबलाच्या कमी पडणाऱ्या पायाखाली. टेबल मात्र मुळीच डुगडुगत नव्हते.

“मामा, फेकूनच देऊ या का? यावर आता कोण गेम करणार?” मंदार म्हणाला.

मीही आधी तेच म्हणालो असतो. पण जेवताना मंदारनेच एका माणसाची गोष्ट सांगितली आणि माझा घास हातातच राहिला.

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटोत निघाली ती पत्ते बनवायला. फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला. काम काय? पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल! तेलपाणी करायचे आणि बिघाड दुरुस्त करायचा. यंत्रे काही रोज बिघडत नाहीत. रिकामपणी त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा चिमटा बनवला. मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. आमच्याकडे अशा वेळी मेमो मिळतो. यामाउचींनी मात्र त्याचे खेळणे करायला सांगितले. १९६६ साली तो ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आला आणि दहा लाखांच्या वर खपला. पुढे एकदा योकोई बुलेट ट्रेनने जात असताना त्यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता. त्यावरून खिशातल्या गेमची कल्पना निघाली आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. वीस वर्षे मी कॅल्क्युलेटरची बटणे दाबतो आहे, पण कोणाला काही सुचल्याचे ऐकिवात नाही. माझी लोकल चुकीची असावी.

योकोई आणि त्यांच्या मंडळींनी २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात गेमबॉय आणला. त्यांचे तत्त्व असे, की अगदी नवे, महागडे तंत्र नको. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर एकाच हिरवट रंगाच्या चार छटा आणि खाद्य चार पेन्सिल सेल. पुढे आलेल्या रंगीत भावाला धरून हा गेमबॉय ११ कोटी ८६ लाखांवर खपला. तत्त्व देखभाल करणाऱ्या माणसाचेच. ज्याने जुनी यंत्रे उघडून पाहिली आहेत, त्यालाच त्यांत किती जीव शिल्लक आहे ते कळते.

“गेमबॉय?” मी म्हणालो. “तो तर आमच्या माळ्यावर आहे.”

मंदारच्या हातातली पोळी खाली पडली.

१९९२ साली आमच्या काकांनी मस्कतहून मला गेमबॉय आणला होता. बरोबर टेट्रिस. दोन महिन्यांत तो माझा राहिला नाही, अण्णांचा झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टात होते. दिवसभर पत्रे खणांत टाकून घरी यायचे आणि रात्री जेवण झाल्यावर ठोकळे खणांत टाकायचे. आई म्हणायची, “ऑफिसात सॉर्टिंग, घरी सॉर्टिंग.”

टेट्रिसच्या त्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी नव्हती. पहिल्या तीन खेळाडूंची नावे आणि गुण ते दाखवी, पण बटण बंद केले की सगळे साफ. १९९६च्या पोकेमॉनसारख्या गेमांत हिशेब जपायला छोटी बॅटरी असते, पण तीही काही वर्षांनी संपते आणि हिशेबासकट जाते. अण्णांना हे यंत्राचे विसरणे पटेना. पोस्टात विसरणे चालत नाही. मग त्यांनी एक जुनी डायरी घेतली, रकाने आखले – तारीख, गुण, ओळी, शेरा – आणि रोज रात्री नोंद करू लागले. शेऱ्यात ‘डास चावले’, ‘पाहुणे आले’, ‘लांब ठोकळा वेळेवर आला नाही’ असे खुलासे. अण्णा २००९ साली गेले. डायरी आणि गेमबॉय एकाच पिशवीत माळ्यावर गेले.

त्या संध्याकाळी मंदार माझ्याबरोबर घरी आला. पिशवी उतरवली. मागचे झाकण उघडले तर आतले चारही सेल गळलेले, पांढरा क्षार जमलेला. चूक सर्वस्वी आमची. सेल काढून ठेवायला हवे होते. मंदारने लिंबू मागितले. सरबत करायचे असेल म्हणून हिने साखरही आणली. पण अल्कलाईन सेलच्या गळतीवर उतारा आम्लाचा. काडीला कापूस लावून त्याने रस अगदी थोडा फिरवला, मग पुसून कोरडे केले. नवे सेल घातले, बटण दाबले. ‘निन्टेन्डो’ हे नाव वरून खाली येऊ लागले, पण अक्षरे चावल्यासारखी तुटकी. ती मध्यावर आली आणि यंत्र तिथेच थिजले.

मी कार्ट्रिज काढून फुंकर मारणार, एवढ्यात मंदार ओरडला. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या खराब होतात. मग त्याने स्पष्ट केले. गेमबॉय चालू होताना कार्ट्रिजमध्ये कोरलेले कंपनीचे नाव वाचतो आणि स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून बघतो. एका ठिपक्याचा फरक पडला तरी पुढे जात नाही.

“म्हणजे नमुना सही!” मी म्हणालो. इतकी वर्षे मी चेकवरच्या सह्या ताडतो आणि लोक मला अडेलतट्टू म्हणतात. इकडे कोट्यवधी यंत्रे तेच करत होती आणि जगभरची मुले आनंदाने वाट पाहत होती.

स्पिरिटने पट्ट्या पुसल्या. दुसऱ्या खेपेला नाव नीट उतरले, ‘टिंग’ झाले आणि सही जुळली. गुणांचे पान उघडले. रिकामे. ते रिकामे असणार हे ठाऊक असूनही मी क्षणभर अण्णांचे नाव शोधले.

मग डायरी उघडली. तिच्यात सगळे होते. १४ ऑगस्ट १९९४, गुण ८७,४१२, शेरा ‘विक्रम. कोणीही जागे नव्हते.’

घडवण्याच्या यंत्रांचेही असेच असते, असे मंदार म्हणाला. जुन्या काळी अर्धवट गेम ज्या चिपांत भरून तपासत, त्यांना काचेची खिडकी असे. पुसायचे झाले की त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडायचा. खिडकीवरचा कागद गळून पडला, तर सरळ उन्हात आठवड्याभरात सगळे पुसले जाते. दुकानातल्या गेमच्या लाखो प्रती असतात. त्या अर्धवट गेमची कधीकधी एकच असते. चिकटपट्टी नीट आहे ना हे बघायला कोणी गेला नाही, तर ती गेलीच. तिथे देखभाल म्हणजे काय, तर कागदाचा एक तुकडा जागेवर असल्याची दरवर्षी खात्री करणे.

वीस वर्षांत प्रथमच मला जडसंग्रह शब्दाचा राग आला. अकरा यंत्रांपैकी एकही फेकायचे नाही. कंपनीला विचारून, परत मागितली तर यादीसकट परत द्यायची, असे मी मंदारकडून कबूल करून घेतले. मग डायरीत अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारून लाल पेनाने लिहिले : ‘प्रत्यक्ष पडताळणी केली. वस्तू चालू स्थितीत.’ खाली तारीख आणि सही.

ही पाठीमागे उभी होती. माळा आवरायचे तिच्या मनात दिवाळीपासून आहे.

“अहो, म्हणजे हे आता भंगारात द्यायचं नाही का?”

“रजिस्टरला नोंद झाली,” मी म्हणालो. “आता हेड ऑफिसच्या परवानगीशिवाय देता येत नाही.”