पाच मतांचा खासदार, तीन वर्षांची पार्लमेंट

लंडनच्या फिन्सबरी भागात रोझबेरी अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथल्या जुन्या टाउन हॉलवर दादाभाई नौरोजींच्या स्मरणार्थ पाटी लावलेली आहे. मुलीला ती दाखवायला नेलं, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, दादाभाई कळले, पण हे रोझबेरी कोण?" त्या प्रश्नाच्या उत्तरातच १८९२ ते १८९५ च्या पार्लमेंटची सगळी गोष्ट आहे.

त्या काळी पार्लमेंटची कमाल मुदत सात वर्षांची होती. ती पाच वर्षांवर आली १९११ मध्ये. खासदाराला पगारही १९११ पर्यंत नव्हता. म्हणजे निवडणूक लढवायची ती पदरचे पैसे घालून किंवा मित्रांच्या मदतीने. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले आणि मुलींच्या शाळांसाठी झटलेले दादाभाई १८८६ मध्ये होबर्नमधून उभे राहिले आणि हरले. पुढे १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी जाहीर भाषणात त्यांचा 'काळा माणूस' असा उल्लेख केला. इंग्लिश मतदार अशा माणसाला निवडून देण्याइतका पुढे गेलेला नाही, असा त्यांचा सूर होता. त्यावर एवढी टीका झाली की दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं.

जुलै १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीत दादाभाईंना २,९६१ मतं पडली आणि प्रतिस्पर्धी कॅप्टन पेंटन यांना २,९५६. फरक अवघा पाच मतांचा! ज्यांना 'नौरोजी' म्हणणं जड जाई, त्यांनी गमतीने त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणायला सुरुवात केली.

नव्या पार्लमेंटची बैठक ऑगस्टमध्ये भरली, तेव्हा सॅलिसबरीच खुर्चीवर होते. पण काही दिवसांतच अविश्वासाच्या ठरावावर त्यांचा ४० मतांनी पराभव झाला आणि ८२ वर्षांचे ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. त्यांच्या लिबरल पक्षाला स्वतःचं बहुमत नव्हतं. सारी भिस्त आयर्लंडच्या खासदारांवर. त्यामुळे आयरिश होमरूल हाच मुख्य विषय. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये ते विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झालं आणि आठवड्याभरात लॉर्ड्सनी ४१९ विरुद्ध ४१ अशा मतांनी फेटाळलं.

या गदारोळात आपल्या विषयाला जागा कुठून मिळणार? तरीही २ जून १८९३ रोजी एक नवल घडलं. आय.सी.एस.ची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. ठराव मांडला हर्बर्ट पॉल यांनी आणि त्यामागे दादाभाईंची चिकाटी होती. त्या डिसेंबरात दादाभाई लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून मायदेशी आले, तेव्हा मुंबईने त्यांचं जंगी स्वागत केलं. त्याच वर्षी लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं होतं. इकडे पार्लमेंट आणि तिकडे चौक, दोन्हीकडे एकाच वेळी जाग येत होती.

मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे. सरकारने हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांचं मत मागवलं आणि १८९४ मध्ये ठराव बाजूला सारला. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लॅडस्टन पायउतार झाले आणि लॉर्ड रोझबेरी पंतप्रधान झाले. हेच ते रस्त्याच्या नावातले रोझबेरी! पण त्यांचं आणि अर्थमंत्री हारकोर्ट यांचं पटेना. अखेर २१ जून १८९५ रोजी सैन्याकडे पुरेसा दारूगोळा नाही या तक्रारीवर सरकार अवघ्या सात मतांनी हरलं. रोझबेरींनी राजीनामा दिला, सॅलिसबरी परतले, निवडणूक झाली आणि दादाभाईही पडले. गंमत अशी, की त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून निवडून आले, पण सॅलिसबरींच्या पक्षातर्फे!

मग तीन वर्षांत हाती काय लागलं? हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्येच वेल्बी कमिशन नेमलं गेलं होतं आणि दादाभाई त्याचे सभासद होते. खासदारकी गेली तरी ते काम चालू राहिलं. १८९७ मध्ये त्याच कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याहून तरुण गोपाळ कृष्ण गोखले लंडनला आले. आणि आय.सी.एस.ची परीक्षा? ती हिंदुस्थानात पहिल्यांदा झाली १९२२ मध्ये, दादाभाईंच्या निधनानंतर पाच वर्षांनी.

परतताना मुलगी म्हणाली, "म्हणजे तीनच माणसं दुसरीकडे वळली असती, तर दादाभाई हरले असते!" हिशेब बरोबर आहे. मंडळी, आपल्यापैकी अनेकांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे आणि "आपल्याला इथे कुठे मत असतं?" असं आपण सहज म्हणतो. पण इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून, पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदान करता येतं. फक्त यादीत नाव हवं. आमच्या घरी त्या संध्याकाळी पहिलं काम तेच झालं.