फ्लॉपीतून आलेली खंडणी

डिसेंबर १९८९ मध्ये युरोपातल्या अनेक रुग्णालयांच्या, संशोधकांच्या आणि कंपन्यांच्या टपालात एक फ्लॉपी डिस्क येऊन पडली. लंडनहून अशा सुमारे २०,००० फ्लॉपी रवाना झाल्या होत्या. पत्ते मिळाले होते एका संगणक मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीतून आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्यांच्या यादीतून. वरचे लेबल सांगत होते, आत एड्सविषयी माहिती आहे. ते खोटेही नव्हते. फ्लॉपी संगणकात घातली की प्रश्नावली उघडे आणि उत्तरांवरून त्या माणसाला एड्सचा धोका किती, हे सांगे.

मात्र तेवढ्यात तिने हार्ड डिस्कवर ठाण मांडलेले असे. संगणक किती वेळा सुरू झाला हे ती मोजत राही. साधारण नव्वदाव्या खेपेला फोल्डर गायब होत, फाइलींची नावे अगम्य अक्षरांत बदलत आणि पडद्यावर मागणी झळके: ‘पीसी सायबोर्ग कॉर्पोरेशन’च्या नावे १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा. कायमचा परवाना हवा असेल तर ३७८ डॉलर. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत तशी ताकीदही छापलेली होती. ती वाचतो कोण?

या प्रकरणात अटक झाली ती जोसेफ पॉप या अमेरिकी शास्त्रज्ञाला. हार्वर्डमधून पीएच. डी. मिळवलेला हा माणूस उत्क्रांती-जीवशास्त्राचा आणि बबून माकडांचा अभ्यासक. ओहायोत त्याला पकडून ब्रिटनच्या ताब्यात देण्यात आले. पैसा एड्सच्या संशोधनासाठी वापरायचा होता, असे त्याचे म्हणणे. १९९१ मध्ये त्याची मानसिक अवस्था खटल्याला सामोरे जाण्याजोगी नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि प्रकरण तिथेच संपले.

धंदा म्हणून पाहिले तर ही फ्लॉपी साफ फसली. तिने फाइलींची फक्त नावे बदलली होती, आतल्या मजकुराला हात लावला नव्हता. शिवाय ज्या किल्लीने नावे बदलली तीच किल्ली प्रोग्रॅममध्ये दडलेली होती. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने प्रोग्रॅम उलगडला आणि उतारा फुकट वाटला. वसुलीची तऱ्हाही तशीच: पैसे टपालाने पनामाला पाठवायचे, आणि टपालपेटीचा मालक कधी ना कधी सापडणारच. कुलूप लावणे जमले होते. किल्ली लपवणे आणि पैसे निनावी घेणे राहिले होते.

पहिली अडचण कशी सुटेल हे १९९६ मध्ये जाहीरपणे मांडले ते ॲडम यंग आणि मोती युंग या दोन संशोधकांनी. त्यांचा हेतू धोक्याचा इशारा देण्याचा होता. त्यांनी सुचवलेली रचना देवळातल्या दानपेटीसारखी: नाणे कोणीही टाकावे, पेटी उघडणार मात्र विश्वस्तांच्या किल्लीने. विषाणूत फक्त ‘सार्वजनिक’ किल्ली ठेवायची. तिने फाइल बंद होते, उघडत नाही. उघडणारी ‘खासगी’ किल्ली हल्लेखोराकडे. मग प्रोग्रॅम कितीही चिरफाडून पाहिला तरी उतारा हाती लागत नाही.

दुसऱ्या अडचणीवरचा तोडगा २००९ मध्ये बिटकॉइनच्या रूपाने आला. सप्टेंबर २०१३ मध्ये दोन्ही धागे ‘क्रिप्टोलॉकर’मध्ये जुळले. तो ईमेलच्या जोडपत्रातून शिरे, २,०४८ बिटांच्या किल्लीच्या आधारे फाइली बंद करी आणि पडद्यावर ७२ तासांची उलटी गणती लावी. मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॉन्झी गावच्या पोलिसांनाच त्याने गाठले, आणि त्यांनी सुमारे ७५० डॉलर मोजून दोन बिटकॉइन खंडणी भरली. जून २०१४ मध्ये अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी त्याचे जाळे तोडल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये किल्ल्या फुकट देणारी सोयही सुरू झाली. पण नमुना सिद्ध झाला होता. नक्कल करणाऱ्यांची रांग लागली.

जून २०१७ मधल्या ‘नॉटपेट्या’ने या धंद्याचा मुखवटाच वापरला. युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरमधून तो पसरला. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती, पण ती भरून उपयोग नव्हता: पीडिताला दिलेला क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता, त्यावरून किल्ली काढणे कोणालाच शक्य नव्हते. हेतू नासधुशीचा होता. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा कोसळली आणि त्याची झळ थेट न्हावा-शेवापर्यंत पोहोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाकडे असलेले टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

दरम्यान कंपन्या शहाण्या झाल्या आणि बॅकअप जपू लागल्या. प्रत हाताशी असेल तर किल्ली विकत कोण घेणार? म्हणून २०१९ मध्ये ‘मेझ’ टोळीने आधी फाइली चोरायच्या आणि मगच बंद करायच्या, अशी रीत रुळवली. पैसे न दिल्यास कागदपत्रे उघड करण्याची धमकी मिळू लागली. खंडणी आता अब्रूचीही झाली.

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणाऱ्या कलोनियल पाइपलाइनवर ‘डार्कसाइड’ टोळीने हल्ला केला. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. पण बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सार्वजनिक वहीत नोंदला जातो. एफबीआयने पैशाचा माग काढला, त्या डिजिटल पाकिटाची खासगी किल्लीही तिच्या हाती आली आणि जूनमध्ये ६३.७ बिटकॉइन जप्त झाले. तोवर बिटकॉइनचा भाव इतका उतरला होता, की परत आलेल्या ऐवजाची किंमत भरली जेमतेम २३ लाख डॉलर.