डार्क पॅटर्न

डार्क पॅटर्न : संकेतस्थळ किंवा अ‍ॅप वापरणाऱ्याची दिशाभूल करून, त्याने एरवी केली नसती अशी खरेदी करायला किंवा दिली नसती अशी संमती द्यायला लावणारी पडद्यावरील मांडणी. ब्रिटिश रचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ही संज्ञा वापरात आणली.

प्रकार : भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार नमूद आहेत. न निवडलेली सेवा किंवा देणगी परस्पर बिलात घालणे, माल संपत आल्याचे खोटेच भासवून घाई करणे, पूर्ण किंमत शेवटच्या टप्प्यापर्यंत लपवणे, वर्गणी रद्द करण्याची वाट किचकट ठेवणे हे त्यांपैकी काही. ग्राहकाला नकाराची लाज वाटायला लावणे हाही त्यांतलाच एक. विमान तिकिटाबरोबर विमा नको असल्यास ‘मी असुरक्षित राहीन’ असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला जातो.

कारणे : घाईतला माणूस बारीक अक्षरे वाचत नाही आणि आधीच टिक केलेली चौकट सहसा बदलत नाही. याच ज्ञानाच्या आधारे त्याला चुकांपासून वाचवता येते किंवा चुकीत ढकलताही येते. कंपन्या दोन मांडण्या वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवतात आणि जास्त विक्री करणारी मांडणी कायम करतात. ग्राहकाला नंतर झालेला पश्चात्ताप त्या चाचणीत मोजलाच जात नाही.

कायदा : अ‍ॅमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वातून बाहेर पडण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीतच होमरच्या महाकाव्यावरून ‘इलियड’ म्हणत, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या दाव्यात मांडले. आरोप मान्य न करता कंपनीने २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचे कलम २५ ऑनलाइन मंचांना अशा मांडणीस मनाई करते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

प्रामाणिक रचना : हेच तत्त्व रचनाकारालाही लागू पडते. एका बटणाने सुरू होणारी सेवा एका बटणाने बंद व्हावी; ‘हो’ आणि ‘नाही’ सारख्याच ठळकपणे दिसावेत; एकूण रक्कम पहिल्याच पडद्यावर कळावी. यांपैकी एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कंपनीने ग्राहकाचा नकार मनापासून मान्य करायला हवा आणि तो किती जणांनी दिला, हेही विक्रीच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे.