डोंगरमाथ्यावरच्या नोंदवह्या आणि बेंगळुरू

हवामानाची नोंद जमिनीलगत करून भागत नाही, कारण ढग, वारे आणि पाऊस यांची घडण बऱ्याच अंशी वरच्या थरांत होते. फुगे, विमाने आणि उपग्रह उपलब्ध होण्यापूर्वी त्या थरांपर्यंत पोचण्याचा खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे डोंगरमाथ्यावर माणसे वस्तीला ठेवून त्यांच्याकडून ठरलेल्या वेळी उपकरणांचे वाचन करून घेणे. युरोप-अमेरिकेत हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर 1870 मध्ये आणि स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिसवर 1883 मध्ये बारमाही केंद्रे उभी राहिली. दक्षिण भारतातील प्रयत्न मात्र त्यांच्याही आधीचे आहेत, आणि त्या परंपरेचा धागा आज बेंगळुरूच्या कोरमंगला भागातील भारतीय ताराभौतिकी संस्थेपर्यंत येऊन पोचलेला आहे.

निलगिरीतील सर्वांत उंच शिखर असलेल्या दोडाबेट्टावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 2637 मीटरांवर, मद्रास सरकारने 1847 च्या सुमारास एक हवामान-बंगला चालवला, आणि तेथील निरीक्षणे मद्रास वेधशाळेचे प्रमुख टी. जी. टेलर यांनी छापून प्रसिद्ध केली. पुढे 1851 ते 1855 या वर्षांच्या नोंदी त्यांच्यानंतरचे प्रमुख डब्ल्यू. एस. जेकब यांनी प्रकाशित केल्या. त्याच दशकात त्रावणकोरच्या महाराजांच्या सेवेत असलेले जॉन अ‍ॅलन ब्राउन यांनी अगस्त्यमलै या सुमारे 1,900 मीटर उंचीच्या अरण्यवेष्टित शिखरावर 1855 मध्ये एक ठाणे उभारले. खाली त्रिवेंद्रमला आणि वर शिखरावर एकाच वेळी चुंबकीय व हवामानविषयक वाचने घ्यावयाची आणि दोहोंच्या फरकावरून उंचीचा परिणाम काढावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. ती शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती. परंतु ती चालवणे अतिशय कष्टाचे होते, कारण प्रत्येक उपकरण आणि धान्याची प्रत्येक गोणी माणसाच्या डोक्यावरूनच वर न्यावी लागे.

जेकब यांचे नाव महाराष्ट्राने अधिक आपुलकीने लक्षात ठेवावयास हवे. बॉम्बे इंजिनिअर्समधील हे अधिकारी मद्रासला जाण्यापूर्वी पुण्यात होते आणि 1842 मध्ये त्यांनी तेथे स्वतःची खासगी वेधशाळा थाटून जोडताऱ्यांची यादी तयार केली होती. प्रकृतीच्या कारणाने मद्रासचे पद सोडून मायदेशी परतल्यावरही सह्याद्रीचा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. पुण्याजवळ सुमारे 1,500 मीटर उंचीवर तीन वर्षे वेध घेण्याची योजना त्यांनी मांडली, तिला ब्रिटिश पार्लमेंटने 1862 मध्ये 1,000 पौंड मंजूर केले, आणि स्वतः खरेदी केलेल्या दुर्बिणीची तयारी करून ते ऑगस्टच्या ऐन पावसाळ्यात मुंबईस उतरले. पुण्यास पोचताच, 16 ऑगस्ट 1862 रोजी, त्यांचा मृत्यू झाला आणि योजनाही तेथेच संपली. हे केंद्र सह्याद्रीत उभे राहिले असते तर पर्वतीय निरीक्षणांच्या इतिहासात पुण्याचे स्थान निश्चितच वेगळे झाले असते.

डोंगरावर कायमची वेधशाळा हवी हा विचार सरकारदरबारी रुजला तो खगोलशास्त्राच्या ओढीने नव्हे. त्याला दुष्काळ कारणीभूत झाला. 1876 ते 1878 या वर्षांत मैसूर संस्थान, मद्रास इलाखा आणि मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे यांची दुष्काळाने दैना केली. त्याच काळात सूर्यबिंबावरील डागांची संख्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राने कमीजास्त होते आणि पाऊसही तिला अनुसरतो, असे मत नॉर्मन लॉक्यर आणि डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी 1877 मध्ये हिरिरीने मांडले. ते खरे असेल तर सूर्याचे रोज निरीक्षण करून दुष्काळाची पूर्वसूचना देता येईल, अशी आशा निर्माण झाली. मद्रासचे सरकारी खगोलज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी 1882 मध्ये डोंगरावर मोठी दुर्बीण बसवण्याची सूचना केली. त्यानंतर चार्ल्स मिची स्मिथ यांनी पलनी आणि निलगिरी डोंगरांची पाहणी केली, लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1893 मध्ये कोडाईकनालच्या बाजूने कौल दिला आणि 1895 मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते कोनशिला बसली. 1 एप्रिल 1899 पासून हे केंद्र हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याच्या अखत्यारीत आले. कोडाईकनाल आज सौर वेधशाळा म्हणून ओळखले जाते, परंतु पहिली बहात्तर वर्षे ते प्रशासकीय दृष्ट्या हवामान खात्याचेच ठाणे होते, आणि सूर्याच्या छायाचित्रांइतकेच वायुभार, तापमान, वारा, पाऊस व भूकंप यांच्या नोंदींचे काम तेथे चालत असे.

सुमारे 2,343 मीटर उंचीवरील या ठाण्यावरचे दैनंदिन काम उपकरणांच्या स्वभावाने बांधलेले होते. वायुभारमापकातील पारा समुद्रकाठी 760 मिलिमीटरांच्या आसपास असतो, तो येथे 580 च्या घरात उभा राहतो. पाणी सुमारे 92 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे डाळ शिजावयास वेळ लागतो. तापमापके पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत टांगलेली असत, जेणेकरून हवा खेळती राहावी पण ऊन थेट लागू नये. एका तापमापकाच्या फुग्यावर ओली मलमल गुंडाळलेली असे आणि कोरड्या व ओल्या तापमापकांतील फरकावरून हवेतील दमटपणा काढला जाई. सर्वांत साधे आणि सर्वांत बोलके उपकरण म्हणजे सूर्यप्रकाशमापक. यात काचेचा एक भरीव गोळा असतो आणि त्याच्यामागे, त्याच्याच गोलाईला धरून वाकवलेल्या खोबणीत, तासांच्या रेघा छापलेली निळसर पुठ्ठ्याची पट्टी बसवलेली असते. गोळ्यातून एकवटलेले ऊन पुठ्ठ्याला जाळत पुढे सरकते, ढग आला की जळणे थांबते, आणि ऊन पडले की पुढच्या ठिकाणाहून पुन्हा सुरू होते. सूर्यास्तानंतर पट्टी काढून जळालेल्या रेषेची लांबी मोजली की त्या दिवशी किती तास ऊन होते ते कळते. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्यापूर्वी नवी पट्टी बसवलेली असलीच पाहिजे, मग धुके असो की वादळ, कारण चुकलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही.

वरपर्यंतचा मोटारीचा घाटरस्ता 1914 मध्ये खुला होण्यापूर्वीच हे केंद्र नामांकित झाले होते. जॉन एव्हरशेड 1907 मध्ये तेथे रुजू झाले आणि जानेवारी 1909 मध्ये, सूर्यडागांमधील वायू केंद्राकडून बाहेरच्या दिशेने वाहतो हे त्यांनी वर्णपटावरून दाखवून दिले. हा आविष्कार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या पत्नी मेरी एव्हरशेड यांनी सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा दीर्घ अभ्यास केला आणि तो दोघांच्या नावे 1917 मध्ये वेधशाळेच्या ग्रंथमालेत छापला गेला. संचालक बदलत राहिले, परंतु रोजच्या नोंदींचे सातत्य स्थानिक सहायकांनी राखले, आणि त्यांच्या वाट्याला इतिहासात फारच थोडी जागा आली आहे. पुण्याचा संबंधही येथे पुन्हा येतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवली होती, आणि 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून टिपले होते. ते निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये तेथील मोठी परावर्ती दुर्बीण व इतर साहित्य कोडाईकनालला हलवण्यात आले. संस्था एका व्यक्तीच्या खांद्यावर उभी असली की ती व्यक्ती जाताच कशी ओस पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ज्या आशेने हा डोंगर निवडला गेला, ती मात्र फळली नाही. 1904 ते 1924 या काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या केंद्रांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र करून सहसंबंध तपासले, तेव्हा सूर्यडाग आणि मोसमी पाऊस यांचे नाते अगदीच क्षीण निघाले. उलट, प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे आळीपाळीने खालीवर होतो हे त्यांच्या हाती लागले, आणि आज एल निनोच्या संदर्भात ज्याची चर्चा होते तो ‘दक्षिणी आंदोल’ तो हाच. म्हणजे मूळ तर्क चुकला तरी नोंदवह्या वाया गेल्या नाहीत. वॉकर यांच्यासारख्याला त्या उपलब्ध होत्या म्हणूनच तो तर्क तपासता आला. खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर भागातील ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या स्थलांतराची खूण म्हणून अजून टिकून आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात, 1960 पासून कोडाईकनालचे संचालक असलेल्या वेणू बाप्पू यांच्या पुढाकाराने 1971 मध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था स्वायत्त झाली, हवामान खात्याशी असलेले प्रशासकीय नाते संपले, आणि त्याच दशकात संस्थेचे मुख्यालय बेंगळुरूला आले. कोडाईकनालच्या काचपट्ट्यांवरील शतकभराच्या सौर छायाचित्रांचे संगणकीकरण याच संस्थेने केले. लडाखमध्ये हानले येथे, सुमारे 4,500 मीटरांवर, तिने उभारलेल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून सप्टेंबर 2000 मध्ये पहिले प्रकाशचित्र मिळाले. तेथे हिवाळ्यात पारा उणे 25 अंशांच्याही खाली जातो आणि हवा इतकी विरळ असते की नवख्या माणसाला चार पायऱ्या चढताना धाप लागते. म्हणून दुर्बीण उपग्रहाच्या दुव्याने बेंगळुरूपासून सुमारे 35 किलोमीटरवरील होसकोटे येथून चालवली जाते. वारा किती, दमटपणा किती, घुमट उघडावा की नाही, हे तेथे बसलेले निरीक्षक शिखरावरच्या स्वयंचलित हवामान-उपकरणांच्या वाचनावरून ठरवतात. तरीही यंत्रांच्या देखभालीसाठी हानलेला माणसे राहतातच, आणि त्यांच्याखेरीज होसकोटेच्या पडद्यावर एकही आकडा उमटणार नाही.

महाराष्ट्रात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वर येथे, सुमारे 1,350 मीटरांवर, ढगांच्या अभ्यासाची उच्चस्थलीय प्रयोगशाळा सुरू केली. वर्षाला 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या पठारावर पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतात, त्यामुळे थेंब कसे वाढतात हे उभ्या जागी मोजता येते. अशा केंद्राची खरी किंमत पाच-दहा वर्षांत कळत नाही. दोडाबेट्टा आणि अगस्त्यमलै येथील निरीक्षणे थोड्या वर्षांत थांबली आणि त्यामुळे दीर्घकालीन तुलनेसाठी अपुरी राहिली, तर कोडाईकनालची मालिका चालू राहिली म्हणून जगभरचे संशोधक आज तिच्याकडे वळतात. म्हणूनच जुन्या छापील निरीक्षणांचे, दोडाबेट्टाच्या पुस्तिकांसह, संगणकीकरण पुणे आणि बेंगळुरू येथील संस्थांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, आणि महाबळेश्वरच्या नोंदींत निधीअभावी एका पावसाळ्याचाही खंड पडू देऊ नये.